आता कोणी विचारत नाही

(राजाजीनगर, बेंगळुरू येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांना तुम्ही माझ्यापेक्षा जवळून ओळखत होतात. म्हणून त्यांचं गुणवर्णन तुमच्याकडेच ठेवते आणि सरळ विषयावर येते. विषय तुम्हीच दिलाय: मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर माणसाच्या मनाचं काय होतं. पैशाचं काय करायचं ते सांगणारे पुष्कळ आहेत, बँकेत चहा पाजून सांगतात. मनाचं सांगायला चहाही कोणी देत नाही.

माझी नोकरी पर्सोनेल खात्यात झाली. निरोप समारंभ हे आमच्या खात्याचं काम. म्हैसूर पेटा, शाल, चंदनाचा हार, फळांची करंडी, अशी यादी टाइप केलेली तयार असायची, आणि हुद्द्याप्रमाणे हाराची जाडी ठरलेली असायची. भाषणंही बहुतेक आम्हीच लिहून द्यायचो. ‘कंपनीचे दरवाजे तुमच्यासाठी सदैव उघडे आहेत’ हे वाक्य माझ्या हाताने किती वेळा लिहिलं गेलं असेल, देव जाणे. त्याच संध्याकाळी त्या साहेबांचा प्रवेशपास रद्द करण्याचा कागदही माझ्याच सहीने गेटवर जायचा. दोन्ही कागद खरे होते. दरवाजे उघडेच होते, फक्त पाहुण्याच्या रजिस्टरात नाव लिहून आत यायचं होतं.

सरकारी नोकरीत निवृत्ती जन्मतारखेला येत नाही, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी येते. ज्याचा जन्म एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीला जातो. साठीच्या वाढदिवसाचा केक कापताना तो आदल्या दिवसापासूनच माजी असतो. या एका दिवसावरून लोक किती कडवटपणे बोलतात ते मी ऐकलंय. मंत्रालयाच्या एका खात्याचा सचिव किंवा सार्वजनिक उद्योगाचा संचालक, ज्याने कोटींच्या फायलींवर सह्या केल्या, तो या एका दिवसासाठी का हळहळतो? पगारासाठी नक्कीच नाही. त्या दिवशीही त्याला कोणीतरी काहीतरी विचारलं असतं.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. बड्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर कामाची उणीव भासते असं आपण म्हणतो, पण काम तर त्याने शेवटच्या दहा वर्षांत हाताने फारसं केलेलंच नसतं. ते बाकीच्यांनी केलं. त्याच्याकडे प्रश्न यायचे. ‘सर, हे घ्यायचं का?’ ‘सर, त्यांना काय कळवू?’ ‘सर, तुम्ही कधी मोकळे आहात?’ सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत माणसं त्याच्या होकारासाठी थांबलेली असायची. दुसऱ्यांच्या प्रश्नांवर त्याचा दिवस उभा होता. एका संध्याकाळी ते प्रश्न बंद होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरात एकच प्रश्न उरतो: ‘चहा आत्ता घेणार की नंतर?’

सुरुवातीचे काही आठवडे बरे जातात. प्रवास होतो, कपाटं आवरली जातात, दातांचं राहून गेलेलं काम उरकतं. मग फोन गप्प होतो. तो बिघडलाय की काय म्हणून बायकोच्या फोनवरून स्वतःला फोन लावून बघणारे गृहस्थ मला माहीत आहेत. जुन्या कचेरीत एखादी चक्कर होते. पहिल्या खेपेला सगळे उठून उभे राहतात, दुसऱ्या खेपेला ‘सर, पाच मिनिटं बसा हं, मीटिंग आहे’ म्हणतात. तिसरी खेप शहाणा माणूस टाळतो. मग तो सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो. पाण्याच्या टँकरचा हिशेब तो असा मागतो की टँकरवाला यायचाच बंद होतो. मराठी मंडळांनाही हा अनुभव नवा नाही. इथे पुढच्या रांगेत दोघे-तिघे हसताहेत, म्हणजे माझी माहिती बरोबर असावी.

आपण ज्यांच्या नावाने पत्ता लिहितो त्या राजाजींकडे या दृष्टीने कधी पाहिलंय का? चक्रवर्ती राजगोपालाचारी शिकले इथेच, सेंट्रल कॉलेजात. १९४८ साली ते देशाचे गव्हर्नर जनरल झाले. २६ जानेवारी १९५० ला ते पदावरून उतरले, आणि त्यांच्यामागे ते पदच संपलं. वय एकाहत्तर. यानंतर माणसाने काय करावं? राजाजी नेहरूंच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले, सरदार पटेल गेल्यावर गृहमंत्री. पुढे १९५२ ते १९५४ मद्रास राज्याचे मुख्यमंत्री. म्हणजे ज्या खुर्चीला सगळे मुख्यमंत्री मान देत होते, त्या खुर्चीवरून उठून ते मुख्यमंत्र्यांच्या रांगेत जाऊन बसले. आपल्याकडे महाव्यवस्थापकाला उपमहाव्यवस्थापकाच्या गाडीत बसायला सांगा, काय होतं बघा. याच काळात त्यांनी रामायण सोप्या भाषेत सांगितलं, रामायणाला १९५८ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं, आणि ऐंशी वर्षं पूर्ण झाल्यावर, १९५९ मध्ये, स्वतंत्र पक्ष काढला. त्यांच्या राजकारणाशी तुमचं पटो न पटो, आपण काल कोण होतो याचं ओझं त्यांनी आज काय करायचं यावर पडू दिलं नाही.

आपल्यातलं असं नाव चिंतामणराव देशमुखांचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन ते बाहेर पडले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोग, मग दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद. सत्तेच्या हिशेबाने प्रत्येक पायरी खालची.

हे झाले मोठे. आता जरा अवघड उदाहरण घेते, आणि ते आपल्याच शहरातलं आहे. पण त्याआधी एका पुस्तकाबद्दल. जेफ्री सोनेनफेल्ड या अमेरिकन अभ्यासकाने कंपनीप्रमुखांच्या निवृत्तीवर १९८८ मध्ये पुस्तक लिहिलं. जाणाऱ्या प्रमुखांचे त्याने चार प्रकार केले. पहिला राजा: मरेपर्यंत किंवा हाकलेपर्यंत न हलणारा. दुसरा सेनापती: नाइलाजाने जाणारा, आणि परत बोलावणं येईल म्हणून बूट पायात ठेवूनच बसणारा. तिसरा राजदूत: सन्मानाने बाजूला होऊन विचारलं तर सल्ला देणारा. चौथा राज्यपाल: मुदत संपली की सरळ दुसऱ्या कामाला लागणारा. का जाववत नाही, याची कारणं त्याने दोन सांगितली. एक, त्या जागेमुळे मिळालेली उंची सुटते. दुसरं, आपल्या हातून व्हायचं ते कार्य अजून पुरं झालेलं नाही असं वाटत राहतं. माझ्या अनुभवात दुसरं कारण जास्त चिवट. रुबाब गेल्याचं दुःख माणूस वर्षभरात गिळतो. ‘मी असतो तर असं झालं नसतं’ हे मात्र वीस वर्षांनीही घशात अडकलेलं असतं.

नारायण मूर्तींनी इन्फोसिस १९८१ मध्ये सहकाऱ्यांसोबत पुण्यात सुरू केली, पुढे ती बेंगळुरूला आली. कंपनीच्या नियमाप्रमाणे पासष्टी पुरी होताच, २० ऑगस्ट २०११ ला, ते अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. देशभर वाहवा झाली. मग कंपनीची वाढ मंदावली आणि १ जून २०१३ ला त्यांना परत बोलावलं गेलं. वर्षाला एक रुपया पगारावर ते आले. २०१४ च्या ऑक्टोबरात पुन्हा बाहेर पडले. २०१७ मध्ये कंपनीच्या कारभाराविषयी त्यांनी उघड नाराजी मांडली, ऑगस्टमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी विशाल सिक्का राजीनामा देऊन गेले आणि सहसंस्थापक नंदन निलेकणी परतले. आणि २०१४ मध्ये अध्यक्षपद सोडल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, हे मूर्तींनी २०१७ मध्येच जाहीरपणे सांगितलं.

त्यांचं बरोबर होतं की चूक, हा वाद मला घालायचा नाही. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर त्यांच्या काही शंका गंभीर होत्या. माझं लक्ष त्या पश्चात्तापावर आहे. ज्या माणसाने निवृत्तीचा नियम स्वतः पाळून दाखवला, पैशाची ज्याला ददात नाही, मान ज्याला जगभर आहे, त्यालाही हे सोपं गेलं नाही. मग आपल्या शेजारचे जे कोणी आहेत ते संध्याकाळी सात वाजता बाल्कनीत उभे राहून कंपनीच्या बसगाड्या मोजत असतील, तर त्यांना ‘मन रमवा हो कशात तरी’ म्हणून टाळू नका. त्यांचं खरंच काहीतरी गेलंय. घरात माणूस गेलं तर आपण तेरा दिवस थांबतो, आणि इथे दुसऱ्याच दिवशी भजनी मंडळाचा फॉर्म पुढे करतो.

मराठी माणसाला निवृत्ती म्हटलं की ‘नटसम्राट’ आठवतं. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० च्या डिसेंबरात डॉ. लागूंना प्रमुख भूमिकेत घेऊन रंगभूमीवर आलं, आणि तेव्हापासून आपल्या घराघरांत त्याचा एकच धडा घेतला गेला: हयातीत मुलांच्या नावावर काही करू नका. वकिलांचा फायदा झाला असेल. पण नाटकाचे नायक गणपतराव बेलवलकर यांचं घर नंतर जातं, रंगभूमी आधी सुटलेली असते. निवृत्तीनंतरही ते बोलतात ते प्रेक्षागृहाला ऐकू जाईल असंच. घरातली सून, मुलगी, जावई यांना तो आवाज घरात मावेना. मुलांचा दोष आहेच. तरी मला त्या नाटकात सगळ्यात जास्त ‘सरकार’ दिसतात, कावेरीबाई. नटाची बायको म्हणून त्यांनी जे आयुष्य काढलं त्यातून त्यांना निवृत्ती कोणी दिली?

अधिकाऱ्याच्या बायकोचंही तेच. तीस वर्षं तिने घर एकटीने चालवलं. गॅस, शाळा, सासूबाईंचं आजारपण, गावाकडच्या जमिनीचे तंटे, सगळं. साहेबांना फक्त निकाल कळवले जायचे. आता साहेब दिवसभर घरी, आणि त्यांना अचानक प्रक्रिया समजून घ्यायची आहे. डाळीचा डबा तिसऱ्या फळीवर का? कामवालीच्या वेळेची नोंद का नाही? माझ्या ओळखीच्या एका बाईंनी शेवटी सांगितलं, ‘अहो, हे माझं स्वयंपाकघर आहे, तुमचा प्लँट नाही.’ जपानमध्ये नोबुओ कुरोकावा नावाच्या डॉक्टरांनी १९९१ च्या सुमाराला लिहिलं की नवरा निवृत्त झाल्यावर बायकांना पोटाचे विकार, रक्तदाब, अंगावर पुरळ असे त्रास सुरू होतात. तिथल्या बायका निदान डॉक्टरकडे गेल्या. आपल्याकडे बायका सत्संगाला जातात, आणि घरातले म्हणतात की हल्ली हिला अध्यात्माची फार ओढ लागली.

स्त्री-अधिकारी निवृत्त होते तेव्हा तर गंमतच. तिला सगळे म्हणतात, ‘चला, आता घरी राहता येईल.’ जणू इतकी वर्षं ती चुकून बाहेर गेली होती. तिची खुर्ची गेली याचं दुःख असू शकतं, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. मला ते झालं, आणि बराच काळ बोलायला माणूस मिळालं नाही, कारण ऐकणारा लगेच विचारायचा, ‘नातवंडं किती?’

विश्वेश्वरय्यांचं नाव या शहरात टाळून चालत नाही. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, मुंबई इलाख्यात नाशिक, खानदेश, पुणे इथे नोकरी केली, खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांची रचना त्यांची. वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव, हे दिसल्यावर १९०८ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली, म्हणजे पहिली निवृत्ती पन्नाशीच्या आतच. पुढे म्हैसूरचे मुख्य अभियंता, मग १९१२ ते १९१८ दिवाण. दिवाणगिरी सहा वर्षांची, आणि ती सोडल्यानंतरचं आयुष्य त्रेचाळीस वर्षांचं! १९६२ मध्ये ते गेले तेव्हा त्यांना दिवाण म्हणून पाहिलेली माणसं फारशी उरलीही नसतील. या त्रेचाळीस वर्षांत त्यांनी भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना सांभाळला, १९३४ मध्ये देशाच्या आर्थिक नियोजनावर पुस्तक लिहिलं, १९४१ मध्ये कारखानदारांची अखिल भारतीय संघटना उभी केली, आणि पंचाऐंशीच्या घरात तिचं शिष्टमंडळ घेऊन परदेशी गेले. तिथे ते काय करत होते? कारखान्यात जाऊन विचारत होते. हे कसं करता, किती लागतं, मजुरी काय पडते. १८९८ मध्ये जपानला गेले तेव्हाही हेच केलं होतं. माणसं त्यांना विचारायची थांबली असतील, त्यांनी स्वतः विचारणं थांबवलं नाही.

अर्थात त्यांचं उदाहरण जपून द्यावं. त्यांच्या घरात बायको-मुलं नव्हती. ‘येताना दळण घेऊन या’ असं त्यांना कोणी सांगत नव्हतं. एकट्या माणसाची शिस्त गृहस्थाला लावली की घरात भांडणं होतात.

आपल्या भागात तर माणसांबरोबर कारखानेही निवृत्त झाले. १९४६ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवी यांनी बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू केली. त्यांचा कारखाना जिथे होता तिथे आज ओरायन मॉल आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे. एक जुने अभियंते नातवाला तिथे नेतात आणि सरकत्या जिन्यापाशी उभे राहून सांगतात की इथे आमचं वाइंडिंग चालायचं. नातू ‘हो का’ म्हणतो आणि पिझ्झा मागतो. त्या नातवाचा बाप आयटीत आहे. त्याला बावन्नाव्या वर्षी ‘रोल संपला’ असं व्हिडिओ कॉलवर कळलं, लॅपटॉप कुरियरने परत गेला. पेटा नाही, हार नाही, माझ्यासारखीने लिहिलेलं खोटं भाषणही नाही. त्या भाषणांची मी मघाशी थट्टा केली, पण ती नसली की काय होतं तेही पाहतेय. माणूस शेवटच्या दिवशी जिना उतरताना कोणीतरी खाली उभं असावं लागतं.

निरोप मिळो न मिळो, पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो जीवन प्रमाण म्हणून बोटाच्या ठशावर किंवा चेहरा दाखवून होतो. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनची गोष्ट तर आणखी मजेची. तिथे हिशेबाला धरायच्या पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,००० रुपये. त्यामुळे ज्यांची वर्गणी मर्यादेवरच भरली गेली, त्यांची सेवेची वर्षं सारखी असली की महाव्यवस्थापक आणि लेथवरचा कामगार यांचं पेन्शन जवळपास सारखंच येतं, काही हजारांत. एका माजी महाव्यवस्थापकांना दाखल्याच्या रांगेत त्यांच्याच कारखान्यातला फिटर भेटला. मशीनवर यांचं बोट उमटेना. फिटरने सांगितलं, ‘सर, आधी हात धुवा, मग कपाळाला बोट घासा, तेल लागलं की उमटतं.’ उमटलं. त्यांनी मला हे फोन करून सांगितलं, आणि सांगताना आवाज खुलला होता, कित्येक महिन्यांनी. फिटरला त्यांनी आणखी काय विचारलं? सगळंच. कुठे राहतोस, मुलगी काय करते, गुडघ्यावर काय घेतोस. नोकरीत असताना त्याचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

आपणा मराठी अधिकाऱ्यांची या शहरात आणखी एक अडचण आहे, आणि ती बोलायला आपण लाजतो. पंचवीस-तीस वर्षं इथे काढून पुष्कळांना कन्नड येत नाही. कचेरीत इंग्रजी, घरात मराठी, मधलं सगळं ड्रायव्हरने सांभाळलं. निवृत्तीबरोबर ड्रायव्हर गेला, आणि साहेब पहिल्यांदा बसथांब्यावर उभे राहिले तेव्हा समोरून येणारी बस कुठे जाते हे त्यांना वाचता येईना. बेळगाव-धारवाडकडच्यांचं सोडा, त्यांना येतं. बाकीच्यांनी हात वर करू नका, मी मोजणार नाही.

कोल्हापूरचे एक गृहस्थ, मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाचे प्रमुख होते, इथून दोन चौक पलीकडे राहतात. त्यांच्या इमारतीखाली इस्त्रीचा गाडा आहे. गाडेवाल्याची मुलगी तिसरीत. संध्याकाळी ती गाड्याजवळ स्टुलावर बसून अभ्यास करते. यांनी तिला गणित समजावलं, तर तिने मोबदल्यात यांना कन्नड अक्षरं शिकवायला घेतली. पाटी नाही, कपड्यांच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं. चुकलं की ती ‘तप्पु!’ म्हणून ओरडते, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. ते मला म्हणाले, ‘बाई, शेवटची पंधरा वर्षं मला कोणी चुकलात म्हणालं नव्हतं. मी चुकतच नव्हतो की काय?’

आता ते दुकानांच्या पाट्या वाचतात, बसचा बोर्ड बस थांबायच्या आत वाचून होतो. भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करतात आणि दर वेळी जास्त पैसे देऊन येतात. सवय मात्र जात नाही. मुलीच्या गणिताच्या प्रगतीचा त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केलाय, आणि दर रविवारी तिच्या बापाला उभं करून आढावा देतात: कुठे सुधारणा आहे, कुठे लक्ष घालायला हवं. बाप इस्त्री थांबवत नाही. ऐकून घेतो, मान डोलावतो, आणि पाच शर्टांचे पैसे मागतो.